पार्श्वभूमी : 'येतोस' आणि 'येशील' यांच्या मधला गायक

रॉक बँडच्या गायकावर जीव जडलेला तरुण हा इंग्रजी समलिंगी प्रेमकथांतला हुकमी नायक झाला, त्याला आता बरीच वर्षं झाली. दौरा, हॉटेलची खोली, करारात अडकलेला गायक, त्याचं गुपित सांभाळणारा मित्र किंवा ड्रमर, आणि शेवट गोड. पणजी-फोंड्यात बसूनही ही पुस्तकं फोनवर घटकेत उतरवता येतात. हीच गोष्ट मराठीत लिहायला घेतली की मात्र पहिल्या संवादातच पेच पडतो, आणि तो पेच व्याकरणाचा असतो. त्याकडे येण्याआधी ही कथा इथवर कशी आली ते थोडक्यात.

या प्रकाराची सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे गोड शेवट, आणि ती सुखासुखी मिळालेली नाही. एका इंग्रज कादंबरीकाराने १९१३-१४ मध्ये दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी लिहिली. दोघांना शेवटी एकत्र आणायचंच, हा त्याचा आग्रह होता. हस्तलिखित त्याने आयुष्यभर खणात ठेवलं. कादंबरी छापली गेली १९७१ मध्ये, तो वारल्यानंतर. हाच लेखक १९२१ मध्ये काही महिने देवासच्या मराठा महाराजांचा खाजगी सचिव होता, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१९७० च्या दशकात अमेरिकेत दूरचित्रवाणीवरच्या एका अंतराळमालिकेच्या चाहत्या बायका मालिकेतल्या दोन पुरुषांच्या प्रेमाच्या कथा लिहू लागल्या आणि घरगुती अंकांतून एकमेकींना पाठवू लागल्या. दोन नावांच्या मध्ये मारलेल्या तिरप्या रेघेवरून त्या लेखनाला 'स्लॅश' नाव पडलं. त्याच दशकात जपानमध्ये स्त्री चित्रकथाकार मुलामुलांच्या प्रेमाच्या मालिका काढत होत्या. दोन्हीकडे लिहिणाऱ्या मुख्यतः स्त्रिया आणि वाचणाऱ्याही स्त्रियाच. पुढे चाहत्यांची नजर मालिकांतल्या पात्रांवरून खऱ्या बँडमधल्या खऱ्या माणसांकडे वळली. जिवंत माणसाबद्दल असं लिहावं का, हा वाद तेव्हा पेटला तो आजवर विझलेला नाही. म्हणून मग नावं बदलली, बँड काल्पनिक झाला. ई-वाचनयंत्रं २००७ नंतर पसरली तशा या कथा विकतच्या पुस्तकांत शिरल्या.

रॉककडूनही साथ मिळत गेली. १९७२ च्या जानेवारीत एका ब्रिटिश गायकाने संगीत-साप्ताहिकाला 'मी गे आहे' असं सांगून टाकलं; ते विधान त्याने पुढे फिरवलंही, पण दार उघडलं ते उघडलंच. पाचगणीच्या शाळेत वाढलेला, तिथल्या पोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवणारा झांझिबारचा पारशी मुलगा जगाचा लाडका गायक झाला. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. १९९८ मध्ये कातडी जाकीट आणि खिळ्यांचे पट्टे घालणाऱ्या एका हेवी मेटल गायकाने दूरचित्रवाणीवर शांतपणे आपण गे असल्याचं सांगितलं. त्याचा तो पेहराव गे क्लबांतूनच रॉकमध्ये आला होता, आणि चाहते तो वर्षानुवर्षं मर्दानी म्हणून मिरवत होते. प्रेमकथेला रॉक गायक का लागतो, याचं उत्तर यात आहे. हजारो लोकांसमोर गळा मोकळा करणाऱ्या माणसाला एक साधं वाक्य बोलता येत नाही, यापेक्षा मोठा ताण कथाकाराला शोधून सापडणार नाही.

या कथा लिहिण्याचा हक्क कोणाचा, यावर अमेरिकेत एकदा रीतसर निर्णयही झाला. तिथल्या एका साहित्य पुरस्काराने २००९ मध्ये नियम केला की लेखक स्वतः समलिंगी, उभयलिंगी किंवा ट्रान्स हवा. स्त्री लेखिकांनी निषेध केला, बऱ्याच गे लेखकांनी नियमाची बाजू घेतली. २०११ मध्ये बहुतेक विभागांत पुन्हा लेखकाऐवजी पुस्तकाचा विषय पाहायचं ठरलं. माझ्या मते ते ठीकच झालं.

आता मराठीचा पेच. आधी नावाचा, मग क्रियापदाचा.

आपल्या जुन्या लिखाणात 'समसंभोगी' हा शब्द येई. त्यात माणूस नाही, नुसती कृती आहे. पूर्वी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या भाषेमुळे 'अनैसर्गिक' हे विशेषण बातम्यांत शिरलं आणि चिकटून बसलं. 'समकामी'तही काम आहे, प्रेम नाही. 'समलैंगिक' हिंदीच्या वाटेने आला. 'समलिंगी' सर्वांत रुळला आणि तो निर्मळही आहे, पण त्याला शाळेच्या फळ्याचा वास आहे. लिंग हा शब्द आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो पुल्लिंग-स्त्रीलिंग-नपुंसकलिंगाच्या तक्त्यात. 'समलिंगी प्रेमकथा' हे पुस्तकाच्या पाठीवर शोभतं. गिटार वाळूत टेकवून 'मी समलिंगी आहे' असं मित्राला सांगणारा मुलगा मात्र मला ऐकू येत नाही. तो 'गे'च म्हणतो. या शब्दाला परका म्हणणाऱ्यांनी आपली कविता आठवावी; 'सखे गे', 'माय गे' अशी हाक मारणारा 'गे' तिथे पूर्वीपासून आहे. अर्थ वेगळा, पण नाद कानाला ओळखीचा. तामिळनाडूत न्यायालयाच्या रेट्यामुळे सरकारने २०२२ मध्ये अशा शब्दांची तामिळ सूची राजपत्रात छापली. शब्द सन्मानाचे असावेत हे बरोबरच. पण कथेतल्या माणसाच्या तोंडचा शब्द राजपत्रातून येत नाही.

क्रियापदाचा पेच याहून खोल आहे. इंग्रजी गाण्यातला 'यू' पुरुष की स्त्री, हे कळायला मार्ग नाही. कित्येक रॉक गायकांनी त्याच आडोशाने आयुष्य काढलं. मराठीत तो आडोसा नाही. 'तू येतोस' म्हटलं की उघडं पडलं, 'तू येतेस' म्हटलं की खोटं बोललो. 'मी थांबलो' म्हणणाराही लपत नाही. कोंकणीतही सुटका नाही: 'हांव गेलों' म्हणणारा पुरुषच.

तरी मराठीने दोन-तीन फटी ठेवल्या आहेत. पहिली भविष्यकाळाची: 'तू येशील', 'मी वाट पाहीन'. इथे लिंग दिसत नाही. दुसरी आज्ञेची: 'ये', 'थांब', 'गा'. तिसरी कर्मणीची: 'मी तुझं गाणं ऐकलं' यात क्रियापद गाण्याच्या मागे जातं आणि ऐकणारा व गाणारा दोघंही झाकले जातात. म्हणजे मराठीत ज्याला लपून प्रेमगीत लिहायचं आहे, त्याला वर्तमानकाळ मिळत नाही. त्याला उद्याबद्दल बोलता येतं, विनवता येतं, गाण्याबद्दल बोलता येतं. 'आत्ता तू माझ्याजवळ बसला आहेस' हे तेवढं म्हणता येत नाही. अशा कथेतला गायक मराठीत गाणी लिहीत असेल, तर त्याच्या पहिल्या सगळ्या गाण्यांत 'येशील' असेल. ज्या दिवशी तो मंचावर 'येतोस' गाईल, तो कथेचा कळस. हे इंग्रजीत साधणारच नाही.

या बाबतीत आपली परंपरा नवखी नाही. विराण्या आणि गौळणी पुरुष संतांनी रचल्या, त्याही स्त्रीलिंगी क्रियापदं वापरून, आणि ज्याच्यासाठी जीव कासावीस होतो तो बासरी वाजवणारा आहे. गोव्यातल्या देवळांत आजही भजनाला बसलेले पुरुष गौळण रंगवतात. ती भक्ती आहे, तिला दुसरं नाव देण्याचा माझा हेतू नाही. पण वाजवणाऱ्यासाठी झुरायची भाषा मराठी पुरुषाच्या गळ्यात शतकांपासून आहे, एवढं नक्की. संगीत नाटकातल्या स्त्रीपार्टी नटांवर पुरुष प्रेक्षक भाळत, हेही आपल्या आठवणीतलंच. छापील साहित्यात मात्र फार वेळ गेला. बहिणीचा आणि भावाचा जीव एकाच तरुणावर जडतो, अशी मराठी कादंबरी आली ती २००६ मध्ये.

गोव्यात आणखी एक गुंता आहे. इथला मराठी वाचक घरी कोंकणी बोलतो, वाचतो मराठी, आणि रॉक ऐकतो इंग्रजीत. चर्चच्या शाळांत मेस्तांकडून, म्हणजे संगीताच्या मास्तरांकडून, सुरलिपी शिकलेली पोरं लग्नांत, फेस्ताला, कार्निव्हालला वाजवत, पुढे मुंबईच्या हॉटेलांत किंवा बोटीवर जात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पी उतरले तेव्हा गिटार ऐकणारे कान इथे तयार होते. १९९० नंतर त्या वाळूवर ट्रान्स नावाचं नाचाचं संगीत आलं आणि बँडच्या जागी यंत्र वाजू लागलं. देवळाच्या भजनात वाढलेल्या फोंड्याच्या मुलासाठी बार्देशचा ख्रिस्ती गिटारवाला हा तासाभराच्या अंतरावरचा, तरी दुसऱ्या दिवाणखान्यातला माणूस. धर्म, लिपी, खाणं, सगळं थोडं थोडं वेगळं. कोंकणी की मराठी या १९८६-८७ च्या भाषावादाने तर घराघरांत रेघा मारल्या होत्या. त्या काळात कथा मांडली, तर दोघांनी एकमेकांना चिठ्ठी कोणत्या लिपीत लिहायची, हाच एक प्रसंग होईल. हंगामही लेखकाला आयता मिळतो. ऑक्टोबरात किनाऱ्यावर खाण्यापिण्याचे शॅक उभे राहतात, पावसाआधी मोडतात, आणि वाजवणारा कुठे जातो ते सांगून जातोच असं नाही.

कायद्याचा क्रम वाचकांना ठाऊक आहे, पण त्यातला गोव्याचा भाग सहसा सुटतो. भारतीय दंडसंहिता १८६० ची असली तरी इथे ती आली १९६१ नंतर, मुक्तीपाठोपाठ. ब्रिटिशांनी लिहिलेलं ३७७ वं कलम ब्रिटिश राज्य कधीच नसलेल्या या भूमीवर स्वतंत्र भारताने लागू केलं. ते २००९ मध्ये दिल्लीत सैल झालं, २०१३ मध्ये पुन्हा आवळलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीच्या नात्यांपुरतं सुटलं. कथांतला खलनायक त्याबरोबर बदलतो. पोलिसाची भीती जाते आणि मागे आई, घरमालक, बँडचा व्यवस्थापक उरतात.

मग सर्वोच्च न्यायालयाचा १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल आला आणि समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. इतर राज्यांत याचा अर्थ नोंदणी नाही, एवढाच लावला जातो. गोव्यात पोर्तुगीज वारशाची नागरी संहिता आहे. वेगळा करार केला नसेल तर लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा अर्धा वाटा ठरतो. वीस वर्षं गायकाबरोबर राहिलेल्या, त्याच्या गाण्यांचे शब्द लिहून देणाऱ्या, दौऱ्यात त्याच्या औषधांच्या वेळा सांभाळणाऱ्या पुरुषाला गायकाच्या शिवोलीतल्या घरात हा वाटा नाही. त्याच्या नावे काही करायचं तर गायकाला मृत्युपत्र करावं लागतं, आणि आईवडील किंवा इतर सक्तीचे वारस असतील तर तेही इस्टेटीच्या ठरावीक हिश्श्यापुरतंच.