घटता जननदर (ठाणे व नवी मुंबई)

एका स्त्रीला तिच्या प्रजननक्षम वयात सरासरी किती मुले होतील याचे अनुमान म्हणजे एकूण जननदर. दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरात होणारे जन्म म्हणजे जन्मदर. बोलताना या दोहोंची सरमिसळ होते. घोडबंदर रस्ता किंवा नवी मुंबईतील नवे नोड (नियोजित उपनगरे) अशा तरुण जोडप्यांच्या वस्तीत बारसी सतत होत असतात, म्हणून जननदर घटतोय हे कोणाला पटत नाही. पण प्रत्येक घरात पाळणा एकदाच, फार तर दोनदा हलतो.

लोकसंख्या दीर्घकाळ स्थिर राहण्यासाठी जननदर २.१ च्या आसपास लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात तो १९९२-९३ मध्ये सुमारे २.९ होता, २०१९-२१ मध्ये १.७ झाला. देशाचा तेव्हा २.० होता.

सरकारी नियम मात्र लोकसंख्या फार वाढेल या जुन्या काळजीतून आलेले आहेत. १९५२ पासून कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्याला महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थेची निवडणूक लढवता येत नाही. २००५ च्या नियमांनी शासकीय नोकरीलाही लहान कुटुंबाची अट घातली. आंध्र प्रदेशाने निवडणुकीची अशी अट २०२४ मध्ये काढली. महाराष्ट्रानेही तिचा फेरविचार करावा, पण म्हणून बायकांना ‘आणखी मुले होऊ द्या’ असे सांगणे तितकेच चुकीचे. किती मुले हवीत, हे तिने ठरवायचे.

मूल वाढवण्याची अडचण रोजची आहे. सकाळची लोकल गाठायची म्हणून आई अर्धवट झोपेतले मूल पाळणाघरातल्या ताईंच्या हाती देते. सोबत डबा, औषधाची बाटली आणि ‘ताप चढला तर लगेच फोन करा’ एवढे बोलणे. गावाहून आजी आली तर निभावते, पण वन रूम किचनमध्ये तिची पथारी कुठे घालायची?

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक ठरली. घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या, दोन-चार माणसांच्या दुकानात राबणाऱ्या स्त्रियांना यातले काहीच मिळत नाही. त्यांचे दुसरे मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर वाढते, आणि आई कामाला गेली की त्या दिवशी बहिणीची शाळा बुडते.