एपिस्कोपल धर्मप्रांत : कारभार, नेमणुका आणि फेररचना

एपिस्कोपल धर्मप्रांत (डायोसीस) : अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चचा प्रादेशिक घटक. एका बिशपच्या अखत्यारीतला मुलूख, त्या मुलखातली चर्चे आणि त्यांचा कारभार पाहणारी कचेरी या तिन्ही गोष्टींना हा एकच शब्द वापरतात. ‘डायोसीस’ हा मूळचा ग्रीक शब्द रोमन साम्राज्यात मुलकी विभागासाठी रूढ होता, तेथून चर्चने तो उचलला. ‘एपिस्कोपल’ म्हणजे बिशपच्या देखरेखीखालचे. मात्र नावावरून वाटते तितका येथे बिशपचा एकहाती अंमल नाही. कोणी कोणाला नेमायचे, पगार कोणी द्यायचा आणि सही कोणाची चालते, यांची वाटणी अनेक हातांत झालेली आहे.

या वाटणीचे मूळ चर्चच्या जन्मात आहे. स्वातंत्र्ययुद्धानंतर अमेरिकेतल्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) लोकांना बिशप हवा होता, पण इंग्लंडमध्ये अभिषेक घ्यायचा तर राजनिष्ठेची शपथ आड येई. म्हणून कनेटिकटच्या सॅम्युएल सीबरी यांनी १७८४ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे स्कॉटिश बिशपांकडून अभिषेक घेतला. पुढे इंग्लंडने कायदा बदलला आणि १७८७ मध्ये विल्यम व्हाइट व सॅम्युएल प्रोव्हूस्ट यांचा अभिषेक लंडनच्या लँबेथ येथे झाला. १७८९ मध्ये फिलाडेल्फियात चर्चची घटना व नियम संमत झाले. तोवर बिशपाविना चाललेल्या मंडळ्यांनी (एकेका चर्चच्या सभासदसमूहांनी) आपला कारभार सभासदांच्या हातांनी चालवला होता आणि तो हक्क त्यांनी नंतरही सोडला नाही. दर तीन वर्षांनी भरणाऱ्या महाअधिवेशनात आजही दोन सभागृहे आहेत : एक बिशपांचे आणि दुसरे धर्मगुरू व सामान्य सभासदांच्या प्रतिनिधींचे. दोन्हींची संमती असल्याशिवाय ठराव होत नाही.

बिशपची निवड. धर्मप्रांताच्या अधिवेशनात धर्मगुरू आणि सामान्य सभासद वेगवेगळे मतदान करतात आणि उमेदवाराला एकाच फेरीत दोन्हींकडे बहुमत मिळावे लागते. एवढ्याने भागत नाही. इतर धर्मप्रांतांच्या स्थायी समित्यांपैकी (धर्मगुरू व सामान्य सभासदांच्या निवडून आलेल्या समित्या) आणि अधिकारारूढ बिशपांपैकी बहुसंख्यांची लेखी संमती ठरलेल्या मुदतीत यावी लागते. बहुतेक वेळा हा उपचार ठरतो, नेहमी नाही. २००९ मध्ये नॉर्दर्न मिशिगनने निवडलेल्या उमेदवाराला अशी संमती मिळाली नाही आणि निवडणूक रद्दबातल झाली. दक्षिण कॅरोलायनात मार्क लॉरेन्स यांच्या २००६ च्या निवडीला मिळालेल्या काही संमतीपत्रांत तांत्रिक दोष निघाले, त्यामुळे २००७ मध्ये त्यांना पुन्हा निवडून यावे लागले.

बिशपचे प्रकारही अनेक. धर्मप्रांताचा मुख्य बिशप निवृत्त होण्याआधीच निवडलेला ‘कोॲडज्युटर’ त्याच्या जागी आपोआप बसतो. ‘सफ्रॅगन’ हा निवडून आलेला सहायक, पण वारसाहक्क नसलेला. अँग्लिकन जगातल्या पहिल्या महिला बिशप बार्बरा हॅरिस १९८९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सफ्रॅगन म्हणूनच अभिषिक्त झाल्या. कायमचा बिशप ठेवणे झेपत नसेल किंवा पुढचे काही ठरत नसेल, तेथे ठरावीक काळासाठी ‘प्रोव्हिजनल’ बिशप आणतात. वयाच्या ७२ व्या वर्षी मात्र सर्वांनाच पद सोडावे लागते.

बिशपची कचेरी. कचेरीतला सर्वांत वजनदार माणूस ‘कॅनन टू द ऑर्डिनरी’. यातला ‘ऑर्डिनरी’ म्हणजे अंगभूत अधिकार असलेला, अर्थात स्वतः बिशप. ‘कॅनन’ हे पदाचेही नाव आणि चर्चच्या कायद्याचेही, त्यामुळे नवख्याचा हमखास गोंधळ उडतो. मंत्र्याच्या खाजगी सचिवाला जे स्थान, साधारण तेच या कॅननचे : भेटी, तंटे, निरोप, आणि बिशपला जे तोंडाने बोलता येत नाही ते बोलणे. त्याच्या जोडीला हिशेब पाहणारा अधिकारी, धर्मगुरूंच्या नेमणुका पाहणारा अधिकारी आणि काही ठिकाणी आर्चडीकन (बिशपला कारभारात मदत करणारा धर्माधिकारी) असतो. कायदेशीर सल्ला देणाऱ्या चॅन्सेलरचे काम पुष्कळदा एखादा वकील मानसेवी पद्धतीने करतो. धर्मगुरूंविरुद्धच्या तक्रारी प्रथम ऐकून घेणारा ‘इनटेक’ अधिकारी प्रत्येक धर्मप्रांतात असावा लागतो. शिस्तीच्या नियमांची मोठी फेरमांडणी २०११ पासून लागू झाली, तिने तक्रार नोंदवण्याचा मार्ग सामान्य माणसासाठी सोपा केला. नेमणुका पाहणाऱ्याला पूर्वी ‘डिप्लॉयमेंट’ अधिकारी म्हणत, म्हणजे जणू फौज तैनात करणारा. आता ‘ट्रान्झिशन’ म्हणतात. हा बदल शब्दापुरता नाही, कारण माणसे पाठवण्याचा अधिकार या खुर्चीला कधी नव्हताच.

धर्मगुरूंची नेमणूक. स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या मंडळीला ‘पॅरिश’ म्हणतात. तिचा रेक्टर, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, निवडते ती सभासदांनी निवडलेली ‘वेस्ट्री’ समिती. नाव आधी बिशपला कळवावे लागते आणि त्याने त्या व्यक्तीची पात्रता पडताळायची असते. एकदा रुजू झालेल्या रेक्टरला वेस्ट्री परस्पर काढू शकत नाही आणि त्यालाही मंडळीच्या संमतीशिवाय सोडून जाता येत नाही. जुळेनासे झाले की प्रकरण बिशपपुढे येते. धर्मप्रांताच्या मदतीवर चालणाऱ्या ‘मिशन’ मंडळीत मात्र बिशप स्वतः व्हिकर, म्हणजे तेथला धर्मगुरू, नेमतो. रेक्टर गेल्यावर वर्षभर किंवा अधिक काळ हंगामी धर्मगुरू काम पाहतो, त्या अवधीत मंडळी स्वतःची माहितीपुस्तिका तयार करते, अर्ज मागवते आणि मुलाखती घेते. दुसऱ्या धर्मप्रांतात नोकरी मिळालेल्या धर्मगुरूला पहिल्या बिशपकडून बदलीपत्र न्यावे लागते. ते दाखल झाले की त्याचे ‘अधिकृत वास्तव्य’ बदलते आणि मतदानाचा हक्कही नव्या ठिकाणी जातो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही रीत थोडी उलटी वाटेल. नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात अँग्लिकन परंपरेसोबत बिशपपद नसलेले प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल प्रवाहही आले आणि मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूर या धर्मप्रांतांच्या छत्राखाली नांदू लागले. तेथे पाळकाची बदली धर्मप्रांताच्या पातळीवर ठरते आणि बदलीच्या हुकुमावर चर्चच्या आवारात चर्चा रंगते. अमेरिकेत चर्चा रंगते ती जाहिरातीवर.

पैसा. मंडळ्या धर्मप्रांताला आपल्या उत्पन्नाचा वाटा देतात आणि धर्मप्रांत राष्ट्रीय चर्चला. हा दुसरा वाटा १५ टक्के असून २०१९ पासून तो सक्तीचा झाला, त्याआधी तो मागणीवजा होता आणि काही धर्मप्रांत हात आखडता घेत. धर्मगुरूंचा निवृत्तिवेतन निधी मॅसॅच्युसेट्सचे बिशप विल्यम लॉरेन्स यांच्या खटपटीने १९१७ मध्ये सुरू झाला. त्यासाठी धर्मगुरूच्या मोबदल्याच्या १८ टक्के रक्कम मालक म्हणून मंडळीला भरावी लागते. कचेरीतले कारकून, हिशेबनीस, ऑर्गनवादक यांच्याकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले. वर्षाला किमान १,००० तास काम करणाऱ्या अदीक्षित (धर्मगुरू नसलेल्या) कर्मचाऱ्यांना निवृत्तिवेतन योजना देण्याची सक्ती २००९ च्या महाअधिवेशनाने केली. छोट्या मंडळ्यांच्या अंदाजपत्रकात हे आकडे जड जातात आणि पूर्णवेळ रेक्टरची जागा अर्धवेळ होण्यामागे पुष्कळदा हेच गणित असते.

बिशप नसताना. जागा रिकामी झाली की अधिकार स्थायी समितीकडे जातो. निवडून आलेल्या धर्मगुरू आणि सामान्य सभासदांची ही समिती एरवीही शोभेची नसते. कोणालाही धर्मगुरुपदाची दीक्षा देण्यापूर्वी आणि चर्चची मालमत्ता विकण्यापूर्वी तिची संमती लागते. रिकाम्या काळात ती पत्रव्यवहार, परवानग्या व शिस्तीची कामे पाहते. फक्त दीक्षा आणि दृढीकरण (कन्फर्मेशन) या विधींसाठी बाहेरचा बिशप बोलवावा लागतो.

फूट आणि तिचे कागद. समलैंगिक बिशपच्या निवडीवरून व धर्मसिद्धांतावरून पेटलेल्या वादात सॅन होआकिन (२००७), पिट्सबर्ग, क्विन्सी व फोर्ट वर्थ (२००८) आणि दक्षिण कॅरोलायना (२०१२) या धर्मप्रांतांच्या नेतृत्वाने चर्चशी नाते तोडले. मागे राहिलेल्यांना अक्षरशः सभासदयादीपासून सुरुवात करावी लागली : बिशप नाही, कचेरी नाही, बँकखाते कोणाचे हेही वादात. मंडळीची मालमत्ता धर्मप्रांताच्या व चर्चच्या विश्वस्तपणाखाली असते, असे १९७९ चा नियम सांगतो, पण त्याचा अर्थ प्रत्येक राज्याच्या न्यायालयाने आपापल्या कायद्याने लावला. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये फोर्ट वर्थचा निकाल बाहेर पडलेल्या गटाच्या बाजूने दिला. उरलेल्या एपिस्कोपल मंडळ्या २०२२ मध्ये टेक्सास धर्मप्रांतात विलीन झाल्या. क्विन्सी त्याआधीच, २०१३ मध्ये, शिकागोत सामावले गेले होते.

विस्कॉन्सिनचे उदाहरण. भांडण नसतानाही धर्मप्रांत एकत्र येतात, ते बहुतेक खर्चापोटी. १९६० च्या दशकात ३४ लाखांहून अधिक असलेली चर्चची सभासदसंख्या आता १५ लाखांच्या आसपास आहे, पण बिशप, कॅनन, हिशेबनीस असा कचेरीचा सांगाडा सभासदांबरोबर आपोआप आकसत नाही. विस्कॉन्सिनमध्ये जॅक्सन केंपर या फिरस्त्या मिशनरी बिशपच्या काळात, १८४७ मध्ये, राज्यभराचा एक धर्मप्रांत झाला. वस्ती वाढली तशी त्यातून १८७५ मध्ये फाँडुलॅक वेगळा निघाला, उरलेल्याला पुढे मिलवॉकी नाव पडले, आणि १९२८ मध्ये दोन्हींचे तुकडे जोडून ओ क्लेअर झाला. ओ क्लेअर आणि फाँडुलॅक एकत्र करण्याचा २०११ चा प्रयत्न फसला. पुढच्या वेळी आधी कामे जुळवली गेली आणि ठराव मागून आले : फाँडुलॅकचे बिशप मॅट गंटर यांनी ओ क्लेअरचाही भार उचलला, मिलवॉकीने आपला नवा बिशप निवडण्याऐवजी प्रोव्हिजनल बिशप घेतला, आणि तिन्ही ठिकाणच्या लोकांना एकमेकांची सवय झाली. २०२४ मध्ये तिन्ही अधिवेशनांनी होकार दिला आणि जूनमध्ये लुइव्हिलच्या महाअधिवेशनाने मान्यता दिली. नव्या धर्मप्रांताने १८४७ चेच नाव घेतले. त्याच महाअधिवेशनाने ईस्टर्न व वेस्टर्न मिशिगन यांच्या ‘ग्रेट लेक्स’ या जोडधर्मप्रांतालाही संमती दिली.

लुइव्हिललाच चर्चचे प्रमुख बिशप म्हणून निवडून आलेले शॉन रो हे या वाटेचे जुने प्रवासी. नॉर्थवेस्टर्न पेनसिल्व्हेनियाचे बिशप असतानाच त्यांनी काही वर्षे बेथलहेमचा आणि २०१९ पासून वेस्टर्न न्यूयॉर्कचाही कारभार पाहिला होता. १ नोव्हेंबर २०२४ रोजी सूत्रे घेतल्यावर काही महिन्यांतच त्यांनी राष्ट्रीय कचेरीची फेररचना जाहीर केली. तीत काही कर्मचाऱ्यांना नोकरी गमवावी लागली, आणि उरलेल्यांचे काम धर्मप्रांतांच्या गरजांभोवती नव्याने आखण्यात आले.