मेकॅनिक घ्यावा की टेक्नोमॅन्सर?

कापसाची वेचणी सरत आली की आमच्याकडे रात्री जरा मोकळ्या होतात. हिंगणघाट तालुक्यातलं गाव, घराच्या सपरीत सतरंजी, मधोमध गेल्या वर्षीचं कॅलेंडर पालथं घातलेलं आणि त्यावर पट्टीनं आखलेले चौकोन. शत्रू म्हणून तुरीचे दाणे, आपली माणसं म्हणून बाटल्यांची झाकणं. स्टारफाइंडर, म्हणजे कागदावर आपलं पात्र रचून फाशांवर खेळायचा अंतराळातल्या साहसांचा खेळ, आम्ही असा खेळतो. खेळ मी चालवतो, आणि नवा गडी पात्र ठरवायला बसला की एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो मामेबहिणीनं विचारला, “दादा, मेकॅनिक बी कम्प्यूटरवाला अन् टेक्नोमॅन्सर बी कम्प्यूटरवालाच. मंग फरक काय हाये?”

प्रश्न रास्त आहे. पायझो कंपनीनं २०१७ साली काढलेल्या मूळ पुस्तकात पात्रांचे सात वर्ग, म्हणजे पेशे, आहेत. त्यातले पाच चटकन वेगळे ओळखू येतात. सोल्जर लढतो, ऑपरेटिव्ह चोरपावलांनी जातो, एन्व्हॉय बोलून सोबत्यांना बळ देतो, मिस्टिक जखमा भरू शकतो, सोलॅरियन ताऱ्यांची शक्ती अंगात खेळवतो. हे दोघे मात्र कागदावर जुळे भाऊ दिसतात. दोघांचा मुख्य गुण बुद्धिमत्ता. दर पातळीला, म्हणजे पात्र अनुभवानं चढतं त्या प्रत्येक पायरीला, मिळणारे कौशल्याचे गुण सारखे. चिलखत दोघांचंही हलकं. कुलूपबंद कम्प्यूटर उघडणं, बिघडलेलं यान चालू करणं, यान हाकणं, हे दोघांनाही जमतं. (२०२५ च्या दुसऱ्या आवृत्तीतल्या खेळाडूंच्या मूळ पुस्तकात हे दोन्ही वर्ग नाहीत. मी लिहितोय ते पहिल्या आवृत्तीचं.)

मामेबहिणीला मी एवढंच विचारलं, “लढाई रंगात आली असताना तुझं काय संपलेलं तुला चालेल?” माझ्या मते निवड इथेच होते.

मेकॅनिकची ताकद वस्तूत असते. पहिल्याच पातळीला त्याला स्वतः घडवलेली कृत्रिम बुद्धी मिळते, आणि ती कुठे बसवायची हे तो ठरवतो: ड्रोनमध्ये की स्वतःच्या मेंदूत. ड्रोनचे सांगाडे तीन प्रकारचे असतात, लढाऊ, तरंगणारा आणि लपूनछपून फिरणारा. ड्रोन थकत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत दहा लढाया झाल्या तरी तो दहाव्या लढाईत तसाच गोळी झाडतो. पण तो मोडला की मोडला. मग हत्यारं घेऊन दिवसभर बसावं लागतं, तेव्हा तो पुन्हा उभा राहतो. आमच्या चुलतभावानं एकदा सोडून दिलेल्या यानाच्या बोळात ड्रोन एकटाच पुढे धाडला. कोपऱ्यापलीकडे दोन पहारेकरी यंत्रमानव होते. झाकण उचलून मी बाजूला ठेवलं तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. ओलिताच्या दिवसांत मोटर जळते आणि वाइंडिंग होऊन येईस्तोवर पीक नुसतं बघत बसावं लागतं, तसं पुढचा पूर्ण डाव त्यानं साध्या पिस्तुलावर काढला.

टेक्नोमॅन्सरचं दुखणं वेगळं. त्याच्याकडे मोडण्यासारखं काही नाही, पण सगळं मोजून मिळालेलं आहे. तो यंत्र आणि जादू एकत्र विणतो, आणि पहिल्या पातळीला दिवसाचे दोनच मंत्र त्याच्या हाती असतात. बुद्धिमत्ता चांगली असली तर एक जादा. शिवाय ‘स्पेल कॅश’ नावाच्या साठ्यातून, त्याला येत असलेल्या मंत्रांपैकी कोणताही एक, दिवसातून एकदा, कोटा संपला असला तरी टाकता येतो. म्हणजे फार तर चार. शून्य पातळीचे मंत्र हवे तितक्या वेळा टाका, पण त्यांचा मार अगदी हलका. दहा मिनिटं टेकून एक रिझॉल्व्ह पॉइंट, म्हणजे जिद्दीचा गुण, खर्चला की दोघांचाही स्टॅमिना, म्हणजे वरवरचा मार झेलणारा दम, भरून येतो. मंत्र मात्र आठ तासांची झोप झाल्याशिवाय परत येत नाहीत. शेतीच्या लाइनीसारखं आहे हे. आठ तास मिळणार, तेवढ्यात कोणत्या वावराला पाणी द्यायचं ते आधी ठरवून ठेवावं लागतं.

आणि त्या मोजक्या मंत्रांत जोर केवढा! ‘सुपरचार्ज वेपन’ घ्या. पहिल्या पातळीचा मंत्र, शस्त्राला नुसता हात लावायचा. त्या शस्त्राचा पुढचा एक वार लागला तर नेहमीच्या माराशिवाय सहा बाजूंच्या चार फाशांचा मार जादा बसतो. पहिल्या पातळीवर एवढ्यात शत्रू आडवा होतो. वार हुकला तर मंत्रही गेला. म्हणून तो स्वतःच्या पिस्तुलावर टाकण्यापेक्षा ज्याचा नेम चांगला त्याच्या बंदुकीवर टाकावा. हे ज्याला आवडतं, दुसऱ्याच्या हातून काम फत्ते झालेलं ज्याला गोड लागतं, त्यानं डोळे मिटून टेक्नोमॅन्सर घ्यावा. एक गैरसमज मात्र काढून टाका: जादू येते म्हणून तो जखमाही बऱ्या करेल असं समजू नका. ते मिस्टिकचं काम.

बाकी फरक बारीक आहेत. मेकॅनिकला पातळीमागे ६ हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायचे गुण, टेक्नोमॅन्सरला ५. मेकॅनिकचं अंग काटक आणि चपळ, टेक्नोमॅन्सरचं मन घट्ट, त्यामुळे विषाच्या धुरात पहिला टिकतो आणि मनावरच्या हल्ल्यात दुसरा.

अगदी नव्या खेळाडूला मी ड्रोन देत नाही. ड्रोन म्हणजे दुसरा कागद, दुसरे आकडे, आणि स्वतःची हालचाल खर्चून हुकूम दिला नाही तर तो एका पाळीत एकतर सरकतो, नाहीतर झाडतो. पहिल्याच रात्री एवढं सांभाळताना माणूस गोंधळतो आणि पुढच्या शनिवारी येत नाही, हे मी पाहिलंय. त्यापेक्षा मेंदूत बसवलेली बुद्धी, म्हणजे एक्झोकॉर्टेक्स घ्यावा. तो एका शत्रूवर नजर रोखतो, त्याच्यावरचा नेम सुधारतो आणि लांब नळीच्या बंदुकाही चालवू देतो. यात मोडण्यासारखं काही नसतं आणि दिवसाचा कोटाही नसतो. चुलतभावाला मी पुढच्या पात्रासाठी हेच सुचवलं, त्यानंही ऐकलं.

मामेबहिणीनं सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ फासा हातात फिरवला आणि म्हणाली, “मले मोजकंच दे, पण जोरदार दे.” टेक्नोमॅन्सर झाली. जात निवडली येसोकी, उंदरासारखी माणसं, बुद्धीनं आणि हातानं चलाख. त्यांच्या गालांत पिशव्या असतात, तिथे तिनं पहिल्याच डावात एक जादा बॅटरी दडवली.

त्या रात्री साडेअकराला तिचा कोटा संपला होता, फक्त साठ्यातला एक मंत्र उरला होता, आणि पटावर एकच तुरीचा दाणा. तिनं चुलतभावाच्या बंदुकीला हात लावला. त्याचा वार लागला. सहा बाजूंचे फासे आमच्याकडे दोनच होते, म्हणून तिनं ते दोनदा टाकले: ३, ५, मग ६ आणि ६. दाणा तिनं स्वतः उचलला.