लोनसोबत गळ्यात मारलेला इन्शुरन्स आणि मधेच बदललेली बँक: पार्श्वभूमी

पुण्यात वाकड, हिंजवडी, सिंहगड रोड, जिथं जिथं गेल्या वीस वर्षांत टॉवर उभे राहिले तिथल्या होम लोनच्या फाइली काढून बघा, बऱ्याच फाइलींत इन्शुरन्स प्रीमियमची एक ओळ असते आणि ती रक्कम वेगळी भरलेली नसते, लोनमध्येच मिळवलेली असते. ६० हजारांचा प्रीमियम ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी लोनमध्ये गेला की ईएमआय साधारण ५४० रुपयांनी वाढतो आणि शेवटपर्यंत त्याचे १ लाख २९ हजारांच्या वर होतात. वर "हे घ्यावंच लागतं" असं सांगून सही घेतलेली असते, ते साफ खोटं आहे.

हे सुरू झालं २००० साली. खासगी विमा कंपन्या आल्या आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनं बँकांना विमा विकायची परवानगी दिली. मग ग्रुप पॉलिसीची पद्धत रुळली, म्हणजे मास्टर पॉलिसी बँकेच्या नावावर, आपण त्यातले नुसते सदस्य, हातात फार तर एक सर्टिफिकेट, कित्येकांना तर तेही मिळालेलं नाही.

ब्रिटनमध्ये हेच पीपीआय (पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स, म्हणजे हप्ते बुडू नयेत म्हणून लोनसोबत विकलेला विमा) नावानं झालं. तिथल्या बँका २०११ मध्ये कोर्टात हरल्या आणि २९ ऑगस्ट २०१९ च्या मुदतीपर्यंत आलेल्या तक्रारींपोटी एकूण ३८ अब्ज पौंडांच्या वर परत द्यावे लागले. हॅलिफॅक्स या बँकेनं विकलेल्या पॉलिसींचे पैसे लॉइड्स या दुसऱ्या बँकेला द्यावे लागले, कारण २००९ मध्ये हॅलिफॅक्सचा अख्खा ग्रुपच लॉइड्सनं घेतला होता. आपल्याकडे अशी सरसकट परतफेड कधी झालीच नाही, प्रत्येकानं आपापलं भांडायचं, आणि त्यात बँकच बदलली की लोक तिथंच हात टेकतात.

खरं तर बदल कसा झाला यावर सगळं अवलंबून आहे. मॅग्मा या लोन देणाऱ्या कंपनीचं २०२१ मध्ये पूनावाला फिनकॉर्प झालं, तिथं कंपनी तीच, नाव नवं, त्यामुळं जबाबदारी जागेवरच. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरात गेली, एचडीएफसी लिमिटेड १ जुलै २०२३ ला एचडीएफसी बँकेत गेली, अशा मर्जरमध्ये येणी आणि देणी दोन्ही नव्या बँकेकडं जातात, म्हणून "ते जुन्या बँकेचं आहे" हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही. नुसती लोनची खाती विकली असतील तर मात्र विकत घेणारा वसुलीचा हक्क घेतो, आधीच्यानं काय खोटं सांगून विकलं ते सहसा त्याच्या अंगावर येत नाही, तिथं जुन्या कंपनीलाच धरावं लागतं.

सगळ्यात अवघड डीएचएफएल या होम लोन कंपनीसारखी केस. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१९ मध्ये तिचं संचालक मंडळ बरखास्त केलं, सप्टेंबर २०२१ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून पिरामलकडं गेली. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं घनश्याम मिश्रा केसमध्ये सांगितलं होतं की दिवाळखोरीतल्या कंपनीसाठी मंजूर झालेल्या योजनेत नसलेले जुने दावे संपतात. मला हे फार अन्यायाचं वाटतं, कारण हप्ते भरणाऱ्या माणसाला आपणही दावेदार आहोत आणि मुदतीत दावा लावायला हवा होता हे सुचणार तरी कसं?

पण विमा कंपनी या सगळ्यात वेगळी उभी असते आणि हेच लोक विसरतात. लेंडर म्हणजे लोन देणारा बुडाला, विकला गेला, तरी विम्याचा करार विमा कंपनीशी असतो, प्रीमियम तिच्याकडं गेलेला असतो. तीही बदललेली असू शकते, एक्साइड लाइफ २०२२ मध्ये एचडीएफसी लाइफमध्ये गेली तसं, पण पॉलिसी पुढच्या कंपनीकडं चालू राहते. म्हणून आधी सर्टिफिकेट आणि मास्टर पॉलिसी नंबर मिळवायचा, लेखी तक्रार विमा कंपनीकडं आणि लेंडरकडं एकाच वेळी टाकायची. महिनाभरात विमा कंपनीचं उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पुण्यात विमा लोकपालांचं ऑफिस नारायण पेठेत आहे, तिथं फी नाही, वकीलही लागत नाही. बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेचा लोकपाल वेगळा. ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत असते, उशिराचं सबळ कारण दाखवलं तर आयोग ती माफ करू शकतो.