इंजिन ऑइल आणि गाडीचं मायलेज

गाडीत कुठल्या ग्रेडचं, म्हणजे किती दाट किंवा पातळ, इंजिन ऑइल टाकलंय यावर तिचं मायलेज, म्हणजे आपण रोज ज्याला ॲव्हरेज म्हणतो ते, थोडं का होईना पण नक्की बदलतं. हा फरक साधारण एक-दोन टक्क्यांचा असतो. अमेरिकन सरकारचा ऊर्जा विभाग वाहनधारकांना हेच सांगतो, की ज्या इंजिनाला ५डब्ल्यू-२० ऑइल (आकडे जेवढे मोठे तेवढं ऑइल दाट) सांगितलंय त्यात ५डब्ल्यू-३० टाकलं तर मायलेज १ ते १.५ टक्का कमी होऊ शकतं, आणि ५डब्ल्यू-३० वाल्या इंजिनात १०डब्ल्यू-३० टाकलं तर १ ते २ टक्के. त्यामुळे कुणी नुसतं ऑइल बदलून दहा-पंधरा टक्के बचत होईल असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण ऑइलने काहीच फरक पडत नाही हे म्हणणंही चुकीचंच आहे.

मुळात ऑइलचा आणि पेट्रोलचा संबंध येतो कुठे, तर घर्षणात. पेट्रोल जळून जी ताकद मिळते ती सगळी चाकांपर्यंत पोचत नाही, त्यातली बरीच तर उष्णता म्हणूनच जाते आणि उरलेल्यातली काही इंजिनाला स्वतःचेच भाग हलवायला लागते, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला घासत वरखाली होतात, क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतो, कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह दाबतो, आणि ऑइल पंपाला ते ऑइल सगळीकडे ढकलायचं असतं. इंजिन फिरत असताना बेअरिंगमध्ये धातू धातूला टेकतच नाही, मध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि शाफ्ट त्या थरावर तरंगतो. तिथे जी ताकद वाया जाते ती ऑइलचेच थर एकमेकांवर सरकवण्यात, म्हणून ऑइल जेवढं दाट तेवढा ओढा जास्त. पण पिस्टन जिथे वर किंवा खाली पोचून क्षणभर थांबतो तिथे, किंवा कॅमच्या टोकाशी, हा थर इतका बारीक होतो की धातूचे उंचवटे एकमेकांना भिडायला लागतात, आणि तिथे ऑइल फार पातळ असेल तर घर्षण उलट वाढतं. जर्मन इंजिनीअर रिचर्ड स्ट्रिबेकने १९०२ च्या सुमारास बेअरिंगवर प्रयोग करून हे मोजून दाखवलं होतं, त्याच्या नावाचा आलेख आजही इंजिनीअरिंगला शिकवतात. थोडक्यात ऑइल पातळ करत गेलं की एका मर्यादेपर्यंत फायदा, त्याच्या पुढे नुकसान, आणि ती मर्यादा प्रत्येक इंजिनाची वेगळी.

डब्यावर जे ५डब्ल्यू-३० वगैरे लिहिलेलं असतं ती अमेरिकेतल्या एसएई या संस्थेची पद्धत. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, ०डब्ल्यू म्हणजे उणे ३५ अंशाला सुद्धा इंजिन फिरवता येईल इतकं पातळ राहणारं, ५डब्ल्यू उणे ३० ला, २०डब्ल्यू फक्त उणे १५ पर्यंत. नंतरचा आकडा १०० अंशाला ऑइल किती दाट राहतं त्याचा. आता इथे बरेच लोक म्हणतात की महाराष्ट्रात कुठे उणे ३५ तापमान असतं, आपल्याला त्या पहिल्या आकड्याशी काय देणंघेणं. देणंघेणं आहे. कारण इंजिनाच्या दृष्टीने पुण्यातली २५ अंशाची सकाळ ही सुद्धा थंडीच आहे, ऑइलचं कामाचं तापमान ९०-१०० च्या आसपास असतं. ४० अंशाला मोजलं तर नेहमीचं ०डब्ल्यू-२० ऑइल साधारण ४५ सेंटिस्टोक्स (हे दाटपणा मोजायचं एकक) दाट असतं आणि २०डब्ल्यू-५० जवळजवळ १६० ते १७०, म्हणजे साडेतीन पट, आणि २५ अंशाला तर दोन्ही अजून दाट. २०डब्ल्यू-५० सकाळी डिपस्टिकवर काकवीसारखं ओघळतं, ते सगळं ढकलायची ताकद पेट्रोलमधूनच येते.

त्यात एक गोष्ट लक्षात घ्या, डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान दाखवतो, ऑइलचं नाही, आणि ऑइल गरम व्हायला कूलंटपेक्षा बराच जास्त वेळ घेतं. मुलांना शाळेत सोडलं, भाजी घेतली, घरी आलो, अशी ज्यांची गाडी रोज तीन-चार किलोमीटरच चालते त्यांचं ऑइल पूर्ण गरम होतच नाही, म्हणून पातळ ऑइलचा फायदा खरा त्यांनाच दिसतो. मुंबईहून नाशिकला एका दमात जाणाऱ्या गाडीला तेवढा नाही.

मग इतकी वर्षं सगळे दाट ऑइल का वापरत होते? कारण जुन्या इंजिनांत बेअरिंगमधली मोकळी जागा जास्त होती, आणि आधीच्या मिनरल, म्हणजे कच्च्या तेलातून साध्या पद्धतीने गाळून काढलेल्या, ऑइलमध्ये एवढं पातळ असूनही टिकणारं ऑइल बनवणं जमत नव्हतं. बदल घडवला तो सरकारी नियमांनी. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने कंपनीच्या सगळ्या गाड्यांचं मिळून सरासरी मायलेज ठरवून दिलं, तेव्हापासून कंपन्यांना अर्धा टक्का सुद्धा मोलाचा वाटायला लागला, कारण तो लाखो गाड्यांवर मोजला जातो. होंडाने २००१ च्या सुमारास अमेरिकेतल्या सिव्हिकला ५डब्ल्यू-२० द्यायला सुरुवात केली. २०१३ मध्ये एसएईने १६ हा नवा ग्रेड आणला, २०१५ मध्ये त्याहून पातळ १२ आणि ८, आणि जपानमध्ये ०डब्ल्यू-८ ऑइलसाठी वेगळं मानक सुद्धा आहे. भारतात असाच नियम २०१७ पासून लागू झाला आणि २०२२ पासून अजून कडक झाला, त्यामुळे मारुतीच्या अलीकडच्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६ लागतं हे ऐकून जुने मेकॅनिक लोक चमकतात, पण त्यामागे हे कारण आहे. आपल्याकडे गाडीचं जे अधिकृत मायलेज येतं ते पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत रोलरवर मोजतात, ती चाचणी साधारण वीस मिनिटांची असते आणि गाडी कित्येक तास बंद ठेवून थंड इंजिनावरच सुरू करतात, म्हणजे तिथेही पातळ ऑइल कामाला येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण नुकसान इथेच होतं. आपल्याकडे गरमी फार म्हणून एक ग्रेड दाट टाका, हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. पण बाहेर ४२ अंश असलं तरी थर्मोस्टॅट आणि रेडिएटर कूलंटला ठरलेल्या तापमानाच्या आसपासच ठेवतात, मग ऑइल फार वर जात नाही, आणि कंपनीने भारतात गाडी विकताना विदर्भातला उन्हाळा धरलेलाच असतो. दाट ऑइलने मायलेज जातंच, शिवाय ज्या इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या प्रेशरवर बदलतं तिथे ती यंत्रणा सुस्त होते. उलट बाजूने, मायलेजच्या लोभाने सांगितलेल्यापेक्षा पातळ ऑइल टाकणं हे त्याहून वाईट. १५० अंशाला, जोरात दाबलं-घासलं जात असताना ऑइल किती दाट राहतं याचा वेगळा आकडा असतो, त्याला एचटीएचएस म्हणतात, १६ ग्रेडला तो कमीत कमी २.३ लागतो, २० ला २.६, ३० ला २.९ आणि ४० ला ग्रेडप्रमाणे ३.५ किंवा ३.७. ज्या इंजिनाचं बेअरिंग ३.५ धरून बनवलंय त्यात २.६ वालं टाकून कसारा घाट भरलेल्या गाडीने चढला तर वाचलेल्या पेट्रोलच्या कित्येक पट पैसे इंजिनात जातील. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ग्रेड लिहिलेला असतो, काहींमध्ये तापमानाप्रमाणे दोन-तीन पर्याय असतात, त्यातला सगळ्यात पातळ निवडला की मायलेजचं काम झालं. खूप झिजलेलं, ऑइल खाणारं इंजिन असेल तर मॅन्युअलमधलाच दाट पर्याय घ्यावा, तिथे मायलेजपेक्षा इंजिन टिकणं महत्त्वाचं.

ग्रेड सारखाच असला तरी दोन ऑइलमध्ये फरक असू शकतो, कारण त्यात घर्षण कमी करणारी रसायनं घालतात, मॉलिब्डेनमची संयुगं वगैरे, ती धातूवर चिकटून बसतात आणि जिथे थर तुटतो तिथे कामाला येतात. डब्याच्या मागे एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचं गोल चिन्ह असतं, वरच्या अर्ध्यात एसपी वगैरे अक्षरं, मध्ये ग्रेड, आणि खालच्या अर्ध्यात रिसोर्स कन्झर्विंग लिहिलं असेल तर ते ऑइल इंधन बचतीची चाचणी पास झालेलं आहे. ही चाचणी खऱ्या इंजिनावर करतात, आणि ऑइल बरेच तास चालवून जुनं झाल्यावर परत मोजतात, हे मला फार योग्य वाटतं, कारण पहिल्या दिवशी तर कुठलंही ऑइल चांगलंच वागतं. सिंथेटिक की मिनरल या वादात मायलेजपुरतं बोलायचं तर ग्रेड जास्त महत्त्वाचा, पण ०डब्ल्यू वालं ऑइल सिंथेटिक बेसशिवाय बनवणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे पातळ हवं असेल तर सिंथेटिक आपोआप येतंच.

पैशात बघायचं तर वर्षाला १२,००० किलोमीटर आणि लिटरला १८ चं ॲव्हरेज धरलं तर साधारण ६६७ लिटर पेट्रोल लागतं, त्याचे २ टक्के म्हणजे १३ लिटर, लिटरला १०० रुपये धरले तर तेराशे रुपये. टॅक्सीवाल्याला याच्या चार-पाच पट. पण हे ऑइल वेळेवर बदललं तरच, कारण जुनं होता होता ते हवेतल्या ऑक्सिजनने आणि काजळीने दाट होत जातं. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलं तर क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो आणि तिथेही ताकद जाते.

बीएस-६ डिझेल गाड्यांत ग्रेडच्या जोडीला ऑइल जळल्यावर राख किती उरते हेही बघावं लागतं, कारण ती राख एक्झॉस्टमधल्या डीपीएफ या काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये साठते, फिल्टर चोंदला की इंजिनाला धूर बाहेर टाकायला जोर लावावा लागतो, आणि फिल्टर साफ करायला जास्तीचं डिझेल जाळावं लागतं ते वेगळंच. त्यामुळे या गाड्यांना कमी राखेचं ऑइलच लागतं. आणि बाइकवाल्यांनी कारचं इंधन बचतवालं ऑइल बाइकमध्ये अजिबात टाकू नये, बहुतेक बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी तो घसरतो, तिथे जासो एमए (जासो हे जपानी मानक) लिहिलेलं ऑइल लागतं. ऑटोमॅटिक स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून त्यांना कमी घर्षणाचं एमबी चालतं.