किलोमीटर कमी, वर्षं जास्त: टायमिंग बेल्ट कधी बदलायचा?

पंधरा वर्षांची गाडी आणि मीटरवर जेमतेम तीस हजार किलोमीटर. अशी गाडी पाहिली की वाटतं, इंजिन अजून कोरं करकरीत आहे. लोखंडापुरतं ते बऱ्याचदा खरंही असतं. टायमिंग बेल्टचं वय मात्र मीटरवर दिसत नाही.

हा दातेरी पट्टा क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांची सांगड घालतो. पिस्टन क्रँकशाफ्टला फिरवतात, आणि कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप, उघडतो. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक व्हायला हवा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. कित्येक इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह जिथवर खाली येतो, तिथवर पिस्टनही वर येतो. दोघांची टक्कर टळते ती केवळ वेळ साधल्यामुळे. अशा इंजिनाला ‘इंटरफिअरन्स’ इंजिन म्हणतात. चालत्या गाडीत पट्टा तुटला की कॅमशाफ्ट थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि पिस्टन मात्र वरखाली होतच राहतात. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनही फुटतो, इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला वरचा भाग, उतरवावं लागतं. ज्या इंजिनात दोघांमध्ये पुरेशी जागा राखलेली असते, तिथे गाडी नुसती बंद पडते. म्हणून आपलं इंजिन कोणत्या प्रकारचं आहे, आणि त्यात पट्टा आहे की चेन, हे आधी माहीत करून घ्या.

मोठ्या प्रमाणावर बनलेल्या मोटारींत हा पट्टा पहिल्यांदा आला तो १९६२च्या सुमारास, ‘ग्लास १००४’ या जर्मन गाडीत. चेनपेक्षा हलका, आवाज कमी आणि तेलाची गरज नाही, म्हणून तो पुढे जगभर पसरला. या सोयींची किंमत अशी, की रबर आलं म्हणजे वय आलं.

जुने पट्टे निओप्रीन या कृत्रिम रबराचे असत, नंतरचे बहुतेक हायड्रोजन जोडलेल्या नायट्राइल रबराचे. रबराच्या लांबलचक रेणूंमध्ये जे दुहेरी बंध असतात, त्यांवर हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन हल्ला करतात. हायड्रोजन जोडून यातले बहुतेक बंध आधीच मिटवले, की रबर उष्णता आणि ओझोनपुढे जास्त काळ टिकतं. पण कायमचं नाही. ओझोनमुळे पडणाऱ्या भेगा रबर जिथे ताणलेलं असतं तिथेच पडतात, हे इथे फार महत्त्वाचं आहे. रोजच्या गाडीत पट्ट्याचा वळलेला भाग सतत बदलतो. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत मात्र तोच तुकडा त्याच पुलीभोवती वाकलेला राहतो, तिथली बाहेरची बाजू ताणलेली राहते, आणि पट्टा हळूहळू तो बाक धरतो. जुन्या कागदांच्या गठ्ठ्याला गुंडाळलेला रबर बँड सोडवताना पटकन तुटतो, तो कुणी वापरून झिजवलेला नसतो.

खरा भार पेलतात ते रबराच्या पोटातले काचतंतूंचे दोर. काचतंतू ओढला तरी फारसा लांबत नाही, म्हणूनच तो निवडतात. पण तीव्र घडी आणि ओलावा त्याला सोसत नाही. शिवाय उभ्या गाडीची ऑइल सील (तेल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी) कडक होतात, त्यातून पाझरलेलं तेल पट्ट्यावर आलं की रबर कमजोर होतं. उंदरांचा त्रास वेगळाच.

‘कव्हर काढून बघितलं, बेल्ट मस्त आहे’ या शब्दांवर विसंबू नका. भेगा दिसल्या, दात झिजलेले किंवा कडेचे धागे सुटलेले दिसले, तर पट्टा गेलाच. पण काही दिसलं नाही म्हणजे तो चांगला आहे, असं होत नाही. नव्या प्रकारचं रबर वरून गुळगुळीत राहतं आणि आतले दोर थकलेले असू शकतात. ते डोळ्यांनी कळत नाही.

मग बदलायचा कधी? गाडीच्या पुस्तिकेत बहुधा किलोमीटर आणि वर्षं अशा दोन मर्यादा असतात, आणि यातली जी आधी येईल ती पाळायची. कमी फिरणाऱ्या गाडीत नेहमी वर्षंच आधी संपतात. एक गोष्ट मान्य करायला हवी: उभ्या गाडीचा पट्टा इंजिनाच्या उष्णतेत रोज भाजत नाही, म्हणून मुदत संपताक्षणी तो तुटेल असं नाही. पण इंटरफिअरन्स इंजिन असेल तर ही सवलत मी घेणार नाही. पट्टा दहा वर्षांपलीकडे गेला असेल, किंवा जुनी गाडी घेताना तो कधी बदलला याचा कागदच नसेल, तर किलोमीटर कितीही कमी असोत, आधी पट्टा आणि मग प्रवास. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये जागा असलेल्या इंजिनात थोडी सवड घेता येते, फक्त भर रस्त्यात बंद पडायची तयारी हवी.

खर्चाचा मोठा भाग उघडझाप करण्याच्या मजुरीत जातो. त्यामुळे टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (पट्ट्याला वळण देणारी पुली) त्याच वेळी बदला, कारण त्यांच्या बेअरिंगमधलं ग्रीसही तेवढंच जुनं असतं. वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही बदला, आणि सील पाझरत असतील तर तीही. नवा पट्टा चढवल्यावर मेकॅनिकने चावी लावण्याआधी क्रँकशाफ्ट पान्याने, नेहमीच्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवून पुल्यांवरच्या जुळणीच्या खुणा पुन्हा जुळतात का ते पाहायला हवं. दोन फेरे यासाठी, की तेवढ्यात कॅमशाफ्टचा एक पुरा होतो आणि एखादा दात चुकला असेल तर तिथेच, व्हॉल्व्ह वाकण्याआधी, कळतं.