जाफन्यात शांतिसेना: स्वागतापासून वैरापर्यंत

४ जून १९८७ रोजी भारतीय हवाई दलाची पाच एएन-३२ मालवाहू विमानं मिराज लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात श्रीलंकेच्या उत्तर टोकाच्या जाफन्यावर आली आणि त्यांनी सुमारे २५ टन अन्नधान्य व औषधं खाली टाकली. आदल्या दिवशी हीच मदत घेऊन निघालेल्या होड्या श्रीलंकेच्या नौदलानं अडवून परत पाठवल्या होत्या. जानेवारीपासून इंधनाची आणि मालाची नाकेबंदी, वर सरकारी फौजांची चढाई, अशा कोंडीत लाखो माणसं अडकली होती. त्यांना २५ टन कुठे पुरणार? तरी आपल्यासाठी कुणीतरी आलं, ही भावना त्या पोत्यांबरोबर खाली उतरली.

परकं सैन्य आलं की स्थानिकांचं भलं होतं की वाटोळं, हा वाद आपल्याकडे इराक, लिबिया, अफगाणिस्तानची नावं घेऊन रंगतो. आपलं स्वतःचं सैन्य शेजारच्या देशात जवळपास ३२ महिने होतं, हे मात्र आपण सहसा काढत नाही. ते काढायला हवं.

श्रीलंकेतला सिंहली-तमिळ तंटा जुना. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा झाली, पुढे विद्यापीठ प्रवेशाचे नियम तमिळ मुलांच्या मुळावर आले. १९८१ मध्ये जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आलं, सुमारे ९७ हजार पुस्तकांची राख झाली. जुलै १९८३ मध्ये तमिळ बंडखोरांनी १३ सैनिक मारल्यावर कोलंबोसह अनेक ठिकाणी तमिळांची कत्तल झाली आणि निर्वासितांचे लोंढे तमिळनाडूत आले. याच सुमारास भारताच्या गुप्तचर यंत्रणेनं तमिळ सशस्त्र गटांना प्रशिक्षण आणि शस्त्रं दिली. पुढचं सगळं समजून घेताना ही गोष्ट विसरता कामा नये. ज्यांची शस्त्रं काढून घ्यायला आपलं सैन्य गेलं, त्यांना तयार करण्यात आपलाच हात होता.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. तमिळ बोलणाऱ्यांची बहुसंख्या असलेले उत्तर आणि पूर्व प्रांत तूर्त एक करायचे, प्रांतांना अधिकार द्यायचे, बंडखोरांनी ७२ तासांत शस्त्रं टाकायची आणि भारतीय सैन्यानं ‘शांतिसेना’ म्हणून शांतता राखायची. सह्या दोन सरकारांच्या होत्या. ज्यांच्या हातात बंदुका होत्या, त्या लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेची सही त्यावर नव्हती. सिंहली समाजातही संताप एवढा, की दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेणाऱ्या राजीव गांधींवर एका नौसैनिकानं बंदुकीचा दस्ता उगारला.

जाफन्यात मात्र सैनिकांना हार घातले गेले. सरकारी तोफा थांबल्या, घर सोडून गेलेली माणसं परतू लागली. हे भलं खरं होतं, आणि नंतर जे घडलं त्यामुळे ते खोटं ठरत नाही.

मग सगळं फिसकटलं. १५ सप्टेंबरला लिट्टेचा तरुण कार्यकर्ता तिलीपन नल्लूरच्या कंदस्वामी मंदिराजवळ मांडव घालून उपोषणाला बसला. त्यानं पाणीही सोडलं. उपोषण हे गांधींच्या देशाला कळणारं हत्यार, आणि लिट्टेनं ते जाणून निवडलं होतं. मांडवात रोज गर्दी वाढत गेली, माणूस डोळ्यांदेखत विझत गेला आणि २६ तारखेला त्यानं प्राण सोडला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलानं पकडलेल्या लिट्टेच्या १७ जणांना कोलंबोला नेण्याचा निर्णय झाला. जाफन्याजवळच्या पलाली लष्करी तळावर त्यांनी सायनाईड घेतलं आणि त्यातले १२ जण मेले. लिट्टेनं पूर्वेकडच्या निरपराध सिंहलींना मारून सूड घेतला. १० ऑक्टोबरला ‘ऑपरेशन पवन’ सुरू झालं आणि शांतता राखायला गेलेलं सैन्य सव्वादोन-अडीच महिन्यांत युद्धात उतरलं.

जाफन्याच्या गल्ल्यांत शत्रू कोण आणि शेजारी कोण, हे त्या जवानांना ओळखता येत नव्हतं. भाषा येत नव्हती. विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जणांपैकी २९ जण मारले गेले. मुंबईत जन्मलेले, ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबरला छातीत गोळी लागल्यावरही लढत राहिले आणि धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. अशा माणसांबद्दल मनात आदरच आहे. पण म्हणून पुढचं सांगणं टाळता येत नाही.

२१ ऑक्टोबर १९८७. दिवाळीचा दिवस. जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात भारतीय जवान शिरले आणि गोळीबार सुरू झाला. त्याआधी लिट्टेचे लोक आवारात येऊन गेले होते, असं वाचलेल्यांनीही सांगितलं आहे. पण गोळ्या लागल्या त्या रुग्णांना, डॉक्टरांना, नर्सना. काही जण प्रेतांखाली निपचित पडून राहिले, म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक डॉक्टर हात वर करून, आम्ही इथले कर्मचारी आहोत असं सांगत काही नर्सना घेऊन बाहेर आला, तर त्यालाही गोळी घातली गेली. साठहून अधिक माणसं मेली. ऑगस्ट १९८९ मध्ये वल्वेट्टितुरै गावातही साठेक नागरिक मारले गेले.

हे लिहून ठेवणाऱ्यांत जाफना विद्यापीठातल्या शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापक रजनी तिराणगम होत्या. त्यांनी शांतिसेनेचे अत्याचार नोंदवले आणि लिट्टेचेही नोंदवले. २१ सप्टेंबर १९८९ रोजी विद्यापीठातून सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. संशय लिट्टेवरच आहे.

दक्षिणेत याच काळात जेव्हीपी या डाव्या सिंहली संघटनेनं भारतीय सैन्याच्या विरोधाचं निमित्त करून बंड पेटवलं. ते चिरडताना हजारो सिंहली तरुण मेले, त्यांची गणती आपण या हिशेबात करतच नाही. नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी भारतीय सैन्याला निघून जायला सांगितलं आणि गुपचूप लिट्टेलाच शस्त्रं पुरवली. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमालीहून निघाली. तोवर सुमारे १,२०० भारतीय सैनिक कामी आले होते. सैन्य जाताच, त्याच्या आधारानं उभ्या राहिलेल्या तमिळ गटांच्या माणसांना लिट्टेनं वेचून मारलं.

१९७१ चा दाखला इथे हमखास दिला जातो. पण तेव्हा पूर्व बंगालची बहुसंख्य जनता आणि तिचे लढवय्ये आपल्या बाजूला होते, काम स्पष्ट होतं आणि मार्च १९७२ मध्ये सैन्य परतलंही. जाफन्यात यातलं एकही नव्हतं. माझ्या मते शांतिसेनेचा घात जवानांच्या रागापेक्षा दिल्लीतल्या या समजुतीनं केला, की दोन सरकारांचं जमलं म्हणजे तिसऱ्याचं मन विचारायला नको.

त्या करारातून उरलं काय? श्रीलंकेच्या घटनेची १३वी दुरुस्ती आणि प्रांतिक परिषदा. एकत्र केलेले प्रांत २००६ मध्ये न्यायालयाच्या निकालानं वेगळे झाले. उत्तर प्रांताला स्वतःच्या वेगळ्या परिषदेची पहिली निवडणूक दिसली ती थेट २०१३ मध्ये. जमीन आणि पोलीस यांचे अधिकार कागदावर आहेत, हातात नाहीत.

जाफन्याच्या त्या रुग्णालयात २१ ऑक्टोबरला मेलेल्या सहकाऱ्यांचे फोटो मांडून कर्मचारी अजूनही दिवे लावतात.